स्वयंचलित गिअरबॉक्सची घसरण

स्वयंचलित गिअरबॉक्सची घसरण म्हणजे मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील क्लच किंवा बँड पूर्ण पकड न घेता सरकत राहणे व त्यामुळे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पुरेशी न पोहोचणे. या दोषात इंजिनाचे फेरे वाढतात, परंतु गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. गॅरेजच्या बोलीत यास 'गिअरबॉक्स स्लिप होणे' असे म्हणतात. जुन्या गाड्यांमध्ये हा दोष वारंवार आढळतो. तेलाची पातळी कमी होणे किंवा केबल सैल होणे यांसारखी किरकोळ कारणे आणि क्लचचे अस्तर जळून जाणे यांसारखी गंभीर कारणे सुरुवातीस जवळजवळ सारखीच लक्षणे दाखवतात. म्हणून गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी क्रमवार निदान करणे आवश्यक ठरते.

घसरणीकडे दुर्लक्ष केल्यास नुकसान झपाट्याने वाढते. सरकणाऱ्या क्लचमध्ये वाया जाणारी शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. उदाहरणार्थ, २०० न्यूटन-मीटर टॉर्क वाहणारा क्लच मिनिटास ५०० फेऱ्यांनी सरकत असेल, तर त्यात सुमारे १०.५ किलोवॅट उष्णता निर्माण होते. ही उष्णता २ किलोवॅटच्या पाच घरगुती गिझरांच्या एकत्रित उष्णतेपेक्षा अधिक आहे. वाहनाला ओलांडून पुढे जाताना, चढावर किंवा रेल्वे फाटक पार करताना शक्ती अचानक तुटल्यास अपघाताचाही धोका असतो.

पार्श्वभूमी

मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्स कंपनीचा हायड्रा-मॅटिक होय. तो १९३९ मध्ये जाहीर झाला आणि १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत बसवण्यात आला. त्यात द्रव-जोडणी आणि चार गतींचा ग्रहीय दंतचक्र-संच होता. १९४८ मध्ये ब्यूइकच्या डायनाफ्लो गिअरबॉक्सबरोबर टॉर्क कन्व्हर्टर प्रवासी मोटारींत आला. पुढील काळात टॉर्क कन्व्हर्टर, ग्रहीय दंतचक्रे आणि तेलाच्या दाबाने चालणारे क्लच ही रचना जवळजवळ सर्वमान्य झाली. १९८० च्या दशकापर्यंत गिअर बदलण्याचा निर्णय प्रामुख्याने तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपा घेत असत. त्यानंतर हे काम टप्प्याटप्प्याने संगणकाकडे गेले. निदानाची पद्धत या दोन पिढ्यांत काही अंशी वेगळी आहे.

रचना व कार्य

घसरण समजण्यासाठी गिअरबॉक्समधील पुढील भागांचे कार्य लक्षात घ्यावे लागते.

टॉर्क कन्व्हर्टर : इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातील हा द्रव-दुवा आहे. इंजिनाबरोबर फिरणारे पंपचक्र तेल फेकते, ते टर्बाइनचक्राला फिरवते, आणि मधले स्थिरचक्र परतणाऱ्या तेलाची दिशा बदलून टॉर्क वाढवते. गाडी उभ्या स्थितीतून सुटताना टॉर्क साधारणतः दुपटीच्या आसपास वाढतो. या दुव्यात थोडी घसरण मूळ रचनेतच अभिप्रेत असते. ती दोष नव्हे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक गाड्यांत ही घसरण टाळण्यासाठी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये लॉक-अप क्लच बसवला जाऊ लागला.

ग्रहीय दंतचक्र-संच : सूर्यचक्र, ग्रहचक्रे आणि बाह्य कडे यांपैकी कोणता भाग फिरवला व कोणता रोखून धरला यावर गिअरचे गुणोत्तर ठरते. दंतचक्रे नेहमी एकमेकांत गुंतलेली असल्याने ती स्वतः घसरू शकत नाहीत. घसरतात ते त्यांना फिरवणारे किंवा रोखणारे भाग.

क्लच, बँड व एकदिशा क्लच : क्लचमध्ये घर्षण-अस्तर असलेल्या व पोलादी चकत्या आळीपाळीने रचलेल्या असतात. तेलाच्या दाबाने दट्ट्या त्यांना एकत्र आवळतो. बँड हा ढोलाभोवती गुंडाळलेला पट्टा असून तो ढोलाला रोखून धरतो. एकदिशा क्लच एकाच दिशेने फिरू देतो व त्यास तेलाच्या दाबाची गरज नसते.

तेलपंप व झडप-पेटी : पंप तेलाचा दाब निर्माण करतो आणि झडप-पेटी तो योग्य क्लचकडे वळवते. इंजिनावरील भार वाढला की दाबही वाढावा लागतो, अन्यथा वाढलेल्या टॉर्कखाली क्लच सरकतो.

लक्षणे

घसरणीची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

• ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज व फेरे वाढणे, परंतु गाडीने वेग न घेणे.
• गिअर बदलताना इंजिन क्षणभर मोकळे धावणे व नंतर धक्क्याने गिअर पडणे.
• 'डी' किंवा 'आर' निवडल्यावर गाडीने ओढ घेण्यास अनेक सेकंद लागणे.
• चढावर किंवा जड भार असताना उच्च गिअर न टिकणे.
• जळका वास येणे व तेल काळपट होणे.
• इंधनाचा खप वाढणे व गिअरबॉक्स नेहमीपेक्षा अधिक तापणे.

दोष कोणत्या परिस्थितीत दिसतो ही माहिती निदानात विशेष उपयोगी पडते. वळणावर किंवा चढावर घसरण होऊन सपाट रस्त्यावर ती नाहीशी होत असेल, तर तेल कमी असण्याची शक्यता अधिक असते, कारण तेल एका बाजूला गेल्यावर पंप हवा ओढू लागतो. गाडी थंड असताना घसरण होऊन गरम झाल्यावर सुधारत असेल, तर वयाने कडक झालेल्या रबरी सीलांचा संशय घेतला जातो. उलट, गाडी गरम झाल्यावरच घसरण सुरू होत असेल, तर तेल पातळ झाल्याने अंतर्गत गळती वाढत असावी किंवा पंप झिजलेला असावा. काही अंतर चालल्यावर ओढ नाहीशी होऊन थोडा वेळ गाडी उभी केल्यावर ती परत येणे, हे तेलाचा फिल्टर तुंबल्याचे नेहमीचे लक्षण आहे.

घसरणीसारखे भासणारे इतर दोष

इंजिनाची शक्ती कमी झाल्यास गाडी ओढत नाही, परंतु त्या वेळी फेरेही वाढत नाहीत. खऱ्या घसरणीत फेरे मोकळेपणाने वाढतात. हा फरक प्रथम तपासला जातो. इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत असल्यास येणारी थरथर लॉक-अप क्लचच्या थरथरीसारखी जाणवते. स्थिर वेगात ब्रेकचे पेडल अगदी हलके दाबल्यावर लॉक-अप क्लच सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबल्यास दोष लॉक-अप क्लचकडे निर्देश करतो. ॲक्सिलरेटर थोडा सोडल्यावर गिअरबॉक्सने वरचा गिअर घेणे, किंवा जोराने दाबल्यावर खालचा गिअर घेणे, हे अनुक्रमे फेरे घटण्याचे व वाढण्याचे स्वाभाविक कारण आहे. त्यास घसरण समजू नये.

प्राथमिक तपासणी

तेलाची पातळी : बहुसंख्य जुन्या गाड्यांत पातळी सपाट जागी, तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून व गिअर 'पी'मध्ये ठेवून तपासली जाते. काही उत्पादकांच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून तपासावी लागते, म्हणून त्या गाडीची पुस्तिका पाहणे आवश्यक असते. अनेक अमेरिकी गाड्यांत डिपस्टिकवरील दोन खुणांमधील अंतर सुमारे अर्ध्या लिटरचे असते. त्यामुळे इंजिन ऑइलप्रमाणे एकदम एक लिटर ओतल्यास पातळी जास्त होण्याचा संभव असतो. जास्त झालेले तेल फिरत्या भागांनी घुसळले जाऊन फेसाळते, आणि फेसाळलेल्या तेलामुळेही दाब घटून घसरण होते. गिअरबॉक्समधील तेल खर्च होत नाही. पातळी कमी असल्यास गळती कोठे आहे हे शोधलेच पाहिजे.

तेलाची स्थिती : नवे तेल बहुधा लाल व पारदर्शक असते. वापराने ते तपकिरी होते आणि केवळ रंग गडद होणे हा दोषाचा पुरावा मानला जात नाही. काळपट रंगाबरोबर जळका वास असल्यास क्लचचे अस्तर जळाले असावे. तेल गुलाबी व दुधाळ दिसत असेल, तर रेडिएटरमधील शीतकाची फट पडून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरले आहे. पाणी व शीतद्रव अस्तराचा चिकटपणा नष्ट करत असल्याने हा दोष तातडीचा समजला जातो.

तेलाचा प्रकार : गिअरबॉक्सचे तेल वंगण, शीतक आणि दाबवाहक अशी तीनही कामे करते. त्यातील घर्षण-नियंत्रक द्रव्ये क्लच किती हळुवार किंवा घट्ट पकडेल हे ठरवतात. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन तेलांत ही द्रव्ये असतात, तर फोर्डच्या जुन्या 'टाइप एफ' तेलात ती नसतात. चुकीचे तेल घातल्यास थरथर, घसरण किंवा कठोर धक्के संभवतात. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या तेलांत स्पर्म व्हेलचे तेल मिसळले जात असे. व्हेल-संरक्षणाच्या बंधनांनंतर त्याची जागा कृत्रिम द्रव्यांनी घेतली.

बाह्य जोडण्या : गिअर निवडण्याच्या दांड्याची जोडणी सरकल्यास निवड-झडप दोन स्थानांच्या मध्ये राहते आणि क्लचला अर्धवट दाब मिळतो. थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल सैल असल्यास गिअरबॉक्सला इंजिनावरील भार कमी असल्याचे भासते व तो दाब कमी ठेवतो. टर्बो हायड्रा-मॅटिक ३५० व ४०० यांसारख्या जुन्या गिअरबॉक्सांत हे काम निर्वात-नियंत्रक करतो. त्याचा पडदा फाटल्यास गिअरबॉक्सचे तेल इंजिनात ओढले जाऊन जळते, धुराड्यातून पांढरा धूर येतो आणि बाहेर कोठेही गळती नसताना पातळी कमी होत जाते.

रस्त्यावरील चाचणी

या चाचणीत प्रत्येक गिअर हलक्या, मध्यम व जड भाराखाली तपासून कोणत्या गिअरमध्ये घसरण होते याची नोंद केली जाते. टॅकोमीटर असल्यास अपेक्षित फेरे गणिताने काढता येतात. चाकाचा परीघ २.१ मीटर व मागील धुरीचे गुणोत्तर ३.०८ असे गृहीत धरल्यास, ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटास सुमारे ६३५ फेरे घेते आणि गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दंड सुमारे १,९५६ फेरे घेतो. थेट गिअरमध्ये, म्हणजे १.०० गुणोत्तरात, इंजिनाचे फेरे याच्याच जवळपास असावेत. लॉक-अप क्लच सुटलेला असल्यास ते काहीसे अधिक असतात. स्थिर वेगात, सपाट रस्त्यावर तेच फेरे २,९०० दिसत असतील व गिअर योग्य असल्याची खात्री असेल, तर घसरण निश्चित समजली जाते.

७००आर४ गिअरबॉक्सचे उदाहरण

जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रा-मॅटिक ७००आर४ हा चार गतींचा गिअरबॉक्स १९८२ च्या गाड्यांपासून वापरात आला. शेवरले कॉर्व्हेट, कॅमेरो, कॅप्रिस तसेच अनेक पिकअप गाड्यांत तो बसवण्यात आला. १९९० मध्ये त्याचे नाव ४एल६० असे झाले. त्याची गुणोत्तरे ३.०६, १.६३, १.०० व ०.७० अशी असून मागे जाण्याचे गुणोत्तर २.२९ आहे. कोणत्या गिअरमध्ये कोणता भाग कार्यरत असतो हे माहीत असल्यास दोषी भाग तर्काने शोधता येतो :

• पहिला गिअर : पुढील क्लच, पुढील एकदिशा क्लच व निम्न एकदिशा क्लच.
• दुसरा गिअर : पुढील क्लच, पुढील एकदिशा क्लच व २-४ बँड.
• तिसरा गिअर : पुढील क्लच, पुढील एकदिशा क्लच व ३-४ क्लच.
• चौथा गिअर : ३-४ क्लच व २-४ बँड. पुढील क्लच आवळलेला असला, तरी एकदिशा क्लच मोकळा फिरत असल्याने तो शक्ती वाहत नाही.
• मागील गिअर : मागील-प्रवेश क्लच व निम्न-मागील क्लच.

तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्ये घसरण असून पहिला व दुसरा ठीक असल्यास या दोहोंत समाईक असलेला ३-४ क्लच दोषी ठरतो. दुसऱ्या व चौथ्या गिअरमध्ये घसरण असल्यास २-४ बँड किंवा त्यास आवळणारा सर्वो संशयित होतो. चालकाने 'डी' निवडल्यावर केवळ पहिल्या गिअरमध्ये ओढ नसेल, परंतु दांडा '१'वर ठेवल्यावर ती येत असेल, तर दोष निम्न एकदिशा क्लचमध्ये असतो, कारण '१'वर निम्न-मागील क्लचही आवळला जाऊन त्याचे काम करतो. याच तर्काने, मागील गिअर घसरत असून '१'वर उतारावरून येताना इंजिन गाडीला रोखून धरत असेल, तर निम्न-मागील क्लच चांगला आहे व दोष मागील-प्रवेश क्लचकडे जातो. सर्वच गिअर घसरत असतील, तर एखाद्या क्लचऐवजी तेलाची पातळी, फिल्टर, पंप व मुख्य दाब यांची तपासणी केली जाते.

या गिअरबॉक्समध्ये ३-४ क्लच जळणे हा सुपरिचित दोष असून थ्रॉटल-केबलची चुकीची जुळवणी हे त्यामागील एक प्रमुख कारण आहे. केबल सैल असल्यास गिअर लवकर व मऊपणे बदलतात. चालकास गाडी सुरळीत वाटते, पण कमी दाबामुळे क्लच प्रत्येक वेळी थोडा सरकत असतो. इंजिनाचे कार्ब्युरेटर बदलल्यावर केबलची जोडणी मूळ भूमितीप्रमाणे न झाल्यास हा दोष विशेषत्वाने उद्भवतो. केबल नंतर नीट केली, तरी जळालेले अस्तर पूर्ववत होत नाही.

उपकरणांद्वारे चाचण्या

दाब-चाचणी : गिअरबॉक्सवरील चाचणी-छिद्रास दाबमापक जोडून मुख्य दाब निष्क्रिय व वाढीव फेऱ्यांना, तसेच प्रत्येक स्थानात मोजला जातो. मागील गिअरमध्ये दाब सामान्यतः अधिक असल्याने मापकाची क्षमता सुमारे २० बार असावी लागते. सर्व स्थानांत दाब कमी असल्यास पंप, फिल्टर किंवा दाब-नियामक झडप दोषी असते. एकाच स्थानात कमी असल्यास त्या क्लचच्या मार्गात गळती असते. दाब सर्वत्र योग्य असूनही घसरण होत असल्यास अस्तर झिजले आहे असा निष्कर्ष निघतो.

स्टॉल-चाचणी : ब्रेक पूर्ण दाबून व चाकांना अडण्या लावून 'डी'मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो आणि इंजिन गाठत असलेले कमाल फेरे पाहिले जातात. ते निर्धारित मर्यादेपेक्षा जास्त असल्यास क्लच सरकत आहे. कमी असल्यास इंजिन अशक्त आहे किंवा टॉर्क कन्व्हर्टरच्या स्थिरचक्राचा एकदिशा क्लच निकामी आहे. चाचणी ५ सेकंदांहून अधिक काळ करू नये, गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये व दोन चाचण्यांमध्ये तेल थंड होऊ द्यावे. फेरे मर्यादा ओलांडताच ॲक्सिलरेटर सोडावा लागतो, अन्यथा चाचणीनेच उरलेले अस्तर जळते. अनेक उत्पादक ही चाचणी निषिद्ध मानतात.

चेंबर उघडून तपासणी : तळातील तेलाचे भांडे, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील चेंबर, काढल्यावर चुंबकावर थोडा करडा लेप आढळणे स्वाभाविक आहे. काळे कण अस्तराचे, पिवळसर धातूचे कण बुशांचे व चमकदार पोलादी तुकडे बेअरिंग किंवा दंतचक्रांचे असतात.

हवेच्या दाबाची चाचणी : झडप-पेटी काढून प्रत्येक क्लचच्या मार्गात कमी दाबाची कोरडी हवा सोडली जाते. क्लच आवळल्याचा ठोस आवाज आल्यास सील शाबूत असते. नुसता फुस्कारा आल्यास सील गळत असते.

संगणकीय संकेत : अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-२ ही निदानप्रणाली अनिवार्य आहे. संगणक गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या दंडांच्या फेऱ्यांची तुलना करतो व त्यांचे गुणोत्तर चुकल्यास संकेत नोंदवतो. पी०७३० हा चुकीच्या गुणोत्तराचा सामान्य संकेत आहे. पी०७३१ ते पी०७३४ हे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या गिअरचे, तर पी०७४१ हा लॉक-अप क्लच न लागण्याचा संकेत आहे. संकेत केवळ घसरण होत असल्याचे सांगतो. ती तेलामुळे, सोलेनॉइडमुळे की अस्तरामुळे होते हे वरील चाचण्यांनीच ठरते.

दुरुस्ती

तेल, फिल्टर, केबल, निर्वात-नियंत्रक, बाह्य सोलेनॉइड आणि बहुतेक गाड्यांत झडप-पेटी यांची दुरुस्ती गिअरबॉक्स गाडीतून न काढता होऊ शकते. क्लच, पंप किंवा एकदिशा क्लच निकामी झाल्यास गिअरबॉक्स काढून त्याची पुनर्बांधणी करावी लागते. त्या वेळी टॉर्क कन्व्हर्टर बदलणे आणि शीतक व त्याच्या नळ्या धुणे महत्त्वाचे असते, कारण त्यांत उरलेले कण नव्या क्लचांमध्ये शिरतात. मूळ कारण न शोधता केवळ क्लच बदलल्यास तोच दोष पुन्हा उद्भवतो.

'तेल बदलल्यामुळे जुना गिअरबॉक्स घसरू लागतो' असा समज प्रचलित आहे. पुष्कळदा तेल बदलण्याचा निर्णय घसरण सुरू झाल्यानंतर घेतला जातो आणि त्या वेळी अस्तर आधीच संपत आलेले असते. नवे तेल झिजलेले अस्तर परत आणू शकत नाही. मात्र चुकीच्या प्रकारचे तेल घालणे किंवा दाबाने तेल फिरवून साचलेला गाळ हलवणे यांमुळे नवा दोष उद्भवू शकतो. चेंबर काढून तेल बदलताना तेलाचा मोठा भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतो. म्हणून बाहेर आलेले तेल मोजून तितकेच भरले जाते व शेवटी पातळी तपासली जाते. सील फुगवणारी द्रव्ये कडक सीलांच्या बाबतीत तात्पुरता दिलासा देतात, जळालेल्या क्लचवर त्यांचा उपयोग होत नाही.

इतर प्रकारचे स्वयंचलित गिअरबॉक्स

वरील पद्धत टॉर्क कन्व्हर्टर व ग्रहीय दंतचक्रे असलेल्या गिअरबॉक्सांना लागू होते. सलग-बदल गिअरबॉक्समध्ये, म्हणजेच सीव्हीटीमध्ये, घसरण पोलादी पट्टा व पुली यांच्यात होते आणि त्यामुळे पुलीच्या पृष्ठावर कायमचे ओरखडे पडतात. भारतात मारुती सुझुकी सेलेरिओबरोबर २०१४ मध्ये आलेला एएमटी प्रकार हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असून त्याचा क्लच व गिअर यंत्रणेद्वारे हलवले जातात. त्यातील घसरण म्हणजे नेहमीच्या कोरड्या क्लच-प्लेटची झीज असते व ती क्लच-प्लेट बदलून दूर होते. भारतात वापरलेली स्वयंचलित गाडी तपासताना तिचा गिअरबॉक्स यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे प्रथम निश्चित करणे आवश्यक ठरते.

हेही पाहा

• टॉर्क कन्व्हर्टर
• ग्रहीय दंतचक्र
• क्लच
• सलग-बदल गिअरबॉक्स